आधी ओळंबा, मग पाना

किट-कार ठोकली की मालकाचा हात आधी पान्याकडे जातो. गाडी त्यानेच बांधलेली, एकेक बोल्ट ओळखीचा, आणि समोर फायबरचं फुटकं नाक. ते उतरवून नजरेआड केलं तर जरा बरं वाटेल, असं त्याला वाटतं. पण पहिले काही दिवस पाना पेटीतच राहू द्या. धडकेचा जोर गाडीत कुठून शिरला, कुठल्या नळीतून पुढे गेला आणि कुठे जाऊन जिरला, याच्या खुणा तेव्हा जागच्या जागी असतात. बोल्ट सैल केला की ताणाखालची चौकट थोडी मोकळी होते, फटी बदलतात, वाकलेला भाग बरा दिसू लागतो. त्यानंतर मापं घेतली तरी ती अर्धवट सोडवलेल्या गाडीची मापं होतात, ठोकलेल्या गाडीची नाही.

इथे ज्या गाड्यांबद्दल लिहितो आहे त्या ब्रिटनमधल्या, लोटस सेव्हनच्या घराण्यातल्या. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ही उघडी, हलकी गाडी आणली. तयार मोटारीवर तेव्हा तिथे परचेस टॅक्स लागे, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. मात्र संचाबरोबर जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत अशी अट होती. म्हणून लोटसने गाडी सोडवायच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचून गाडी जोडली, असा किस्सा तिकडचे लोक अजून हौसेने सांगतात. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे वेस्टफील्डसारखे इतर बांधणारे आले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिलं आणि ‘लोकॉस्ट’ नावाची घरगुती जात जन्माला आली. या सगळ्यांचा सांगाडा साधारण सारखा: इंचभर चौकोनी पोलादी नळ्या जोडून केलेली चौकट, तिच्यावर रिव्हेटने बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे, आणि इंजिन-गिअरबॉक्स बहुतेक वेळा एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्ट, सिएरा किंवा माझदा एमएक्स-५ मधून काढलेला.

भारतात अशी घरी बांधलेली गाडी रस्त्यावर नोंदवणं फार अवघड असल्याने हा छंद इथे रुजला नाही. पण पुण्या-नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली जी मुलं बाहा किंवा फॉर्म्युला स्पर्धांसाठी नळ्यांच्या चौकटीची गाडी बांधतात, त्यांना पुढचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. सरावात टायरच्या भिंतीला धडकलेली गाडी त्याच रात्री वेल्डिंग करून सकाळी पुन्हा पळवायची, हा त्यांचा आवडता उद्योग असतो.

पहिला तास

बॅटरीची ऋण तार आधी काढा. मग पेट्रोलचा वास घ्या. सेव्हनमध्ये टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, म्हणजे मागून धडक बसली तर मध्ये फार काही उरत नाही. टाकी शाबूत दिसली तरी तिच्या तोंडाचा रबरी पाइप आणि पट्टे तपासा. ब्रेकचं तेल गळत असेल तर ते पुसून पाण्याने धुवा, कारण ते रंग खातं. कूलंटचं डबकं जमिनीवर राहू देऊ नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि जिवाला विषारी असतं, आणि शेजारच्या मांजराला ते कळत नाही.

इंजिन ‘चालतंय का बघू’ म्हणून चावी फिरवू नका. या गाड्यांचं ऑइल चेंबर जमिनीला जवळ असतं. ते चेपलं असेल तर तेल ओढणारी नळी बंद होते आणि अपघातातून वाचलेलं इंजिन अर्ध्या मिनिटात बेअरिंग खाऊन बसतं. रेडिएटर मागे सरकून पुलीला टेकला असेल तर ते वेगळंच. आधी तेलाची पातळी पाहा, खालून चेंबर पाहा, स्पार्क प्लग काढा आणि क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्या. कुठे अडलं तर तिथेच थांबा.

विमा घेतला असेल तर कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत काहीही सोडवू नका. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपन्यांनी नुकसानभरपाई देऊन निकालात काढलेल्या गाड्यांचे चार वर्ग आहेत. ‘ए’ म्हणजे सगळी चिरडायची, ‘बी’ म्हणजे सांगाडा चिरडायचा पण भाग वापरता येतील, ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा आहे पण दुरुस्त होईल, आणि ‘एन’ म्हणजे इजा सांगाड्याबाहेरची. ‘एन’ ऐकून हुरळून जाऊ नका, कारण स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची मोडतोड त्यातही असू शकते. शिवाय पाहायला येणाऱ्याची सवय कारखान्यातल्या गाड्यांची असते. त्याच्या पुस्तकात तुमच्या गाडीचे भाव नसतात. म्हणून बांधणीच्या वेळचे फोटो, पावत्या आणि अलाइनमेंटचे कागद त्याच्या हातात ठेवा. पुढे तेच तुम्हालाही लागणार आहेत, कारण या गाडीला दुसरं वर्कशॉप मॅन्युअल नाही.

पत्रा काय सांगतो

फुटलेलं नाक सर्वांना दिसतं. मी आधी बघतो तो बाजूचा पत्रा. धडक पुढच्या डाव्या चाकाला बसली आणि दारापाशी, किंवा दार नसेल तर बसायच्या जागेच्या बाजूला, ॲल्युमिनियमवर एखादी तिरपी सुरकुती आली असेल, तर त्या पत्र्यामागची नळी हललेली आहे. पत्रा पातळ असतो आणि त्याला काही लपवता येत नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका, मग न दिसणारी लाटही सावली पाडते. रिव्हेटची रांग बोटाने चाचपा. ज्याचं डोकं तिरकं झालं आहे, ज्याच्याभोवती काळी पूड दिसते किंवा ज्याचं भोक लांबट झालं आहे, त्याच्यावर खडूने खूण करा. अशा खुणा सहसा एका रेषेत येतात, आणि ती रेष जोराचा रस्ता दाखवते.

नळ्यांवर बहुतेक वेळा पावडर कोटिंग असतं. तीव्र वाक असेल तिथे ते तडकून सुटतं आणि खालचं पोलाद चमकतं. हे सोयीचं. पण हेच कोटिंग चिवट असल्यामुळे वेल्डच्या कडेची केसाएवढी चीर झाकूनही ठेवतं. म्हणून विशबोनचे ब्रॅकेट, इंजिनाचे आणि डिफरन्शिअलचे आधार, सीटबेल्टचे बोल्ट या जागांचं कोटिंग पुढे खरवडून काढायचंच आहे, तिथे रंग शाबूत आहे म्हणून समाधान मानू नका.

फायबरची काळजी त्यामानाने कमी करा. वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या की आतल्या बाजूने बघा. आतलं कापड पांढरट पडलं असेल तर तिथे थर सुटले आहेत. नाण्याने टकटक करत गेलात तर सुटलेल्या भागाचा आवाज बद्द येतो. फायबर जोडता येतं, बदलता येतं, आणि त्यामुळे कोणी मरत नाही. मात्र फुटलेले तुकडे फेकू नका. ते परत जुळवले तरच जुना आकार मिळतो.

मापं

लेखातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग हा आहे. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, रंगवलेली दोरी, स्टीलचा टेप, पाण्याने भरलेला पारदर्शक लेव्हलपाइप आणि मदतीला एक शांत माणूस पुरे.

गॅरेजची जमीन सपाट नसते. पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. म्हणून आधी लेव्हलपाइपने चार चाकांखालची पातळी पाहा आणि पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे घालून ती सारखी करा. मग चौकटीवर ठरावीक बिंदू निवडा: चारही कोपऱ्यांत विशबोनच्या आतल्या बोल्टचे मध्य, मधल्या आडव्या नळीची टोकं, डिफरन्शिअलचे आधार. प्रत्येकातून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकेल तिथे जमिनीवर चिकटवलेल्या कागदी टेपवर बारीक पेन्सिलने फुली मारा. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी ढकलून बाजूला करा. आता जमिनीवर तुमच्या चौकटीचा पूर्ण आकाराचा नकाशा आहे. मध्ये चाक नाही, एक्झॉस्ट नाही, टेप सरळ लावता येतो.

मागचे आधार धडकेपासून लांब असतील तर त्यांच्या मध्यातून पुढे दोरी ताणा आणि जमिनीवर मध्यरेषा उठवा. तिच्यापासून डाव्या-उजव्या फुल्यांची अंतरं मोजा. मग कर्ण मोजा. बाजेचा एक खूर ढकलला की तिची चौकट तिरपी होते, एका कर्णावरची सुंभं ताणतात आणि दुसऱ्यावरची लोंबतात. पुढच्या एका चाकाला धडक बसलेल्या चौकटीचं हेच होतं, आणि ते नुसत्या नजरेला दिसत नाही कारण लांबी-रुंदी जवळपास तेवढीच राहते. चाकांच्या मध्यांतलं अंतरही डावं आणि उजवं वेगवेगळं घ्या. सव्वादोन मीटरच्या आसपासच्या व्हीलबेसमध्ये एका बाजूला दहा मिलिमीटर कमी भरले तर काहीतरी वाकलं आहे हे नक्की. ते चौकट आहे की फक्त विशबोन, याचं उत्तर विशबोनच्या आतल्या बोल्टांच्या फुल्या देतात. त्या जागेवर असतील तर सुटकेचा श्वास टाका.

जमिनीवरचा नकाशा पीळ दाखवत नाही, कारण तो सपाट असतो. त्यासाठी त्याच बिंदूंची उंची मोजावी लागते, तीही दोनदा: एकदा गाडी चाकांवर असताना आणि एकदा चौकट स्टँडवर घेऊन चाकं लोंबकळत ठेवून. पहिल्या वेळी तिरकी आणि दुसऱ्या वेळी सरळ भरली, तर दोष बहुधा स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर किंवा विशबोनमध्ये आहे. दोन्ही वेळा तिरकी भरली तर चौकटीला पीळ पडला आहे.

किती फरक चालेल? घरी बांधलेली लोकॉस्टची चौकट जन्मतःच दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असू शकते. तिच्या बाबतीत तीनपर्यंत मी कपाळावर आठी आणत नाही, पाचच्या पुढे गेलं की ब्रॅकेट आणि जोड बारकाईने पाहतो. कारखान्याच्या जिगवर झालेल्या चौकटीला एवढी सूट देऊ नका. सगळ्यात चांगली तुलना म्हणजे तुमच्याच गाडीची जुनी मापं. ज्यांची गाडी अजून धडधाकट आहे त्यांनी एखाद्या रविवारी ही मापं काढून फायलीत ठेवावीत. अपघातानंतर ती विकत मिळत नाहीत.

आता पाना

मापं लिहून झाली, फोटो काढून झाले. गाडी स्टँडवर घेताना मार लागलेल्या कोपऱ्याखाली स्टँड लावू नका, आणि इंजिन काढल्यावर वजन मागे जाणार आहे हे आधीच लक्षात ठेवा. पाचशे-सहाशे किलोच्या गाडीतून पुढचे शंभर-सव्वाशे किलो गेले की ती मागच्या बाजूला कलू शकते.

सस्पेन्शन सोडवताना मी चांगली बाजू आधी सोडवतो. वेळ वाया जातो असं वाटेल, पण या गाड्यांत कुठल्या बोल्टला किती वायसर, कुठे स्पेसर, कुठला बोल्ट पुढून घातलाय आणि कुठला मागून, हे बांधणाऱ्याने त्या दिवशी ठरवलेलं असतं. चांगली बाजू म्हणजे त्याची नक्कल. तिथले वायसर मोजा, रॉड-एंडचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजा, तारेत ओवून त्याच क्रमाने टांगा. मग मार लागलेल्या बाजूला काय असायला हवं होतं हे तुम्हाला माहीत असतं, आणि काय नाही हेही लगेच कळतं.

बोल्ट हाताने सरकून बाहेर यायला हवा. तो अडला तर हातोडी उचलू नका, आधी वहीत लिहा. विशबोनचा बोल्ट अडतो तेव्हा बहुतेक वेळा ब्रॅकेटचे दोन कान एकमेकांशी सरळ रेषेत राहिलेले नसतात. ठोकून काढलेला बोल्ट आणि सहज निघालेला बोल्ट पिशवीत गेल्यावर सारखेच दिसतात, म्हणून नोंद तिथल्या तिथे व्हायला हवी. काढलेले बोल्ट शक्यतो आपापल्या भागात परत हाताने बसवून ठेवा. जुन्या गाड्यांत आट्यांची खिचडी असते: सिएराचे भाग मेट्रिक, तर ट्रायम्फ आणि जुन्या लोटसचे इंचाच्या मापातले यूएनएफ. आठ मिलिमीटरचा आणि पाच-षोडशांश इंचाचा बोल्ट एकाच डब्यात पडले की पुढे कोणीतरी एकात दुसऱ्याचा नट पान्याने रेटून बसवतोच. नायलॉनची कडी असलेले नट सगळे फेका.

वायरिंगला घाई करू नका. प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना तोच आकडा लिहिलेली पट्टी चिकटवा आणि मगच तो सोडा. रंगांवर विसंबू नका. बांधणाऱ्याकडे त्या दिवशी जी वायर शिल्लक होती तीच त्याने घातली असण्याची शक्यता मोठी आहे.

इंजिन उचलण्याआधी ते चौकटीपासून दोन्ही बाजूंनी किती लांब आहे आणि स्टिअरिंगच्या दांड्याला किती जागा आहे, हे मोजून ठेवा. समोरून धडक बसते तेव्हा गाडी थांबते पण इंजिनाला पुढे जायचं असतं. ते आधाराच्या रबरांना फाडतं, कधी आधार जिथे वेल्ड केला आहे त्या नळीची भिंतच आत ओढतं. गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगचे ॲल्युमिनियमचे कान तडकतात. पुढचा कोपरा चेपलेल्या गाडीची खरी इजा अशी मधोमध सापडू शकते. ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरून मागचं चाक फुटपाथच्या कडेला आदळलं असेल, तर हाच शोध डिफरन्शिअलच्या आधारांपाशी, मागच्या आडव्या नळीपाशी आणि तिला धरणाऱ्या दांड्यांच्या ब्रॅकेटपाशी घ्या.

काय ठेवायचं, काय टाकायचं

याबाबतीत मी हट्टी आहे. वाकलेलं विशबोन, टाय रॉड, स्टब ॲक्सल, स्टिअरिंगचा दांडा आणि त्याचे क्रॉस यांपैकी काहीही सरळ करून परत वापरायचं नाही. वाकलेलं पोलाद उलट वाकवलं की आकार परत येतो, ताकद येत नाही. रॉड-एंड आट्यांच्या मुळाशी वाकतो, सपाट काचेवर घरंगळवून पाहिलात तर डुगडुगतो. स्टिअरिंग रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा, मध्येच जड गेला तर आतला दांडा वाकला आहे. अलॉय चाक हबवर फिरवून कडेजवळ टोकदार तार धरा, आणि टायर काढून आतली कड पाहा, कारण चीर तिथून सुरू होते. धडकेच्या वेळी अंगावर असलेले सीटबेल्ट टाकून द्या. त्यांचं कापड एकदाच ताणण्यासाठी असतं.

संशय आहे पण वाक दिसत नाही, अशा भागांसाठी डाय पेनेट्रंटचा संच मिळतो. रंग पूर्ण काढून, लाल द्रव लावून, थांबून, पुसून, वर पांढरा फवारा मारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. ब्रॅकेटच्या वेल्डवर हे न चुकता करा.

चौकटीच्या दुरुस्तीचा विचार करताना कुठलीही नळी कापण्याआधी नव्या चौकटीचा भाव मागवा. दोन-तीन नळ्या बदलायच्या असतील तर दुरुस्ती परवडते. जोर चालकाच्या पायांपाशी येऊन पोचला असेल तर हिशोब झपाट्याने बदलतो, कारण तिथवर जायला बाजूचे पत्रेही उचकटावे लागतात आणि ते परत बसत नाहीत. तापवून, साखळीने ओढून नळी सरळ करून देतो म्हणणारा भेटेल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. नळी एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत पूर्ण बदलायची असते. कापण्याआधी शेजारच्या जोडांमध्ये तात्पुरत्या कोनपट्ट्या टाक्याने वेल्ड करून चौकट जखडून ठेवा, नाहीतर एक नळी निघताच बाकीच्या आपापल्या सोयीने सरकतात. आणि जुनी चौकट मूळची कशी जोडली आहे ते नीट पाहा. लोटस आणि जुन्या केटरहॅमच्या चौकटी ब्राँझने ब्रेझ केलेल्या आहेत, जोडाला पिवळसर छटा दिसते. अशा जोडावर थेट मिग वेल्डिंग केलं की वितळलेलं तांबं तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि जोड ठिसूळ होऊन तडकतो. तुमचा वेल्डर कितीही कुशल असो, ही गोष्ट त्याला आधी सांगा.

नवी चौकट घ्यायची ठरली तर प्रश्न गाडीच्या ओळखीचा येतो. ब्रिटनमध्ये नोंदणी खातं, म्हणजे डीव्हीएलए, बरीच वर्षं गुणांवर हे ठरवत आलं. चौकटीला ५ गुण आणि इंजिनाला फक्त १, यावरून त्यांच्या लेखी गाडी म्हणजे काय हे कळतं. २०२५ च्या ऑगस्टपासून नियमांची मांडणी बदलली आहे, तेव्हा जुन्या मित्राच्या आठवणीवर न जाता खात्याने छापलेले आजचे नियम वाचा आणि उत्तर लेखी मागवा, तेही चौकटीची ऑर्डर देण्याआधी. जुनी चौकट भंगारात देताना तिच्यावर कोरलेल्या नंबरचा स्वच्छ फोटो घ्या, भंगारवाल्याची पावती घ्या आणि दोन्ही बांधणीच्या फायलीत लावा. तपासणीला येणारा माणूस हे कागद मागू शकतो.